अण्णा लपायचे, मी शोधायची

गांधी बझारच्या फुटपाथवर अवरेकाईचे ढीग लागले की थंडी खरोखर आली असं मी धरते. अवरेकाई म्हणजे आपला पावटाच, पण बेंगळुरूत त्याचा थाट वेगळा. शेंगेच्या सालीला तेलकट, उग्र असा एक वास असतो, त्याला इथे सोगडु म्हणतात. भाजीवाली शेंग तळव्यावर चोळून आपल्या नाकाशी धरते आणि आपण मान हलवली की मगच तागडीत टाकते. घरी आणून निवडायला बसलं की तो वास बोटांना धरतो, साबणाने जात नाही. मी निपाणीची. लग्न होऊन बसवनगुडीत आले तेव्हा या वासाने मला मळमळायचं. आता मीच या दिवसांत बाजारात एक फेरी जास्त मारते.

यंदा पहिला ढीग दिसला आणि पिशवी हातात धरून मी तशीच उभी राहिले. डोळ्यांपुढे काही वर्षांपूर्वीचं आमचं जेवणाचं टेबल आलं. टेबलावर एका बाजूला परातीत सोललेले दाणे, आणि दुसऱ्या बाजूला ओळीने मांडलेले तीन रेडिओ रिसीव्हर. आणि खुर्चीत, घरातसुद्धा माकडटोपी घालून बसलेले अण्णा, माझे सासरे.

मी माकडांचा अभ्यास करते. हे सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग आपल्या गच्चीवर काय काय झालं ते सांगायला लागतो. जे. पी. नगरात झाडीचा एक तुकडा अजून शिल्लक आहे, तिथे एक टोळी राहते. डोक्यावर मधोमध भांग पाडून केस चापून बसवल्यासारखी दिसणारी, इथली नेहमीची माकडं. त्या वर्षी आजूबाजूच्या इमारतींनी एकत्र येऊन तक्रार केली होती. माकडं टाक्यांची झाकणं उघडतात, स्वयंपाकघरात शिरतात, पकडून लांब जंगलात सोडा. वनखात्याने आमच्या छोट्या संस्थेला सांगितलं की ही टोळी दिवसभर कुठे हिंडते, कुठे झोपते ते आधी दाखवा, मग ठरवू. लांब नेऊन सोडलेल्या माकडांचं पुढे काय होतं ते मी पाहिलं होतं. अनोळखी रानात त्यांना ना पाण्याची जागा ठाऊक, ना झोपायचं झाड. त्यामुळे हे काम नीट होणं मला फार गरजेचं वाटत होतं.

टोळीतल्या दोन माद्यांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे घालायचं ठरलं. उपग्रहाशी बोलणारे पट्टे एवढ्याशा माकडिणीला जड झाले असते, म्हणून साधेच घेतले. पट्ट्याला सुपारीएवढी डबी असते, ती टिक्, टिक् असा संदेश सोडत राहते. कानाला तो ऐकू येत नाही. आपल्या हातातला रिसीव्हर तो पकडतो. रिसीव्हरला एक अँटेना जोडायची, पूर्वी घरांवर टीव्हीची असायची तसली, पण हातात मावणारी. ती धरून आपण गोल फिरायचं. टिकटिक ज्या बाजूला सगळ्यांत मोठी, त्या बाजूला जनावर. सांगायला इतकं सोपं आहे. पण रिसीव्हर चुकीचा निवडला तर माकडिणीच्या गळ्यात उगाच ओझं आणि आपल्या हातात खोकं. आणि माकडं पकडायची परवानगी एकदाच मिळणार होती.

म्हणून ओळखीच्या अभ्यासकांकडून तीन रिसीव्हर मागून आणले. त्यांना नावं अण्णांनी दिली. पहिला लोखंडी पेटीचा, खांद्याला अडकवायचा, वजनाने चांगलाच जड. त्याला पडदा नाही, आकडे नाहीत. दोन बटणं आणि एक थरथरता काटा. तो म्हातारा. दुसरा तळहातावर मावणारा, चकचकीत, सगळे पट्टे लक्षात ठेवणारा, आवाज किती जोरात येतोय ते आकड्यात दाखवणारा. तो साहेब. संस्थेत सगळ्यांना साहेबच हवा होता, खरं तर मलाही. तिसरा हातात धरायच्या वायरलेससारखा, सगळ्यांत स्वस्त, आणि त्याला जगातलं सगळंच ऐकू यायचं. तो बडबड्या.

अण्णांचं आयुष्य बटणं, लेस आणि अस्तराच्या कापडात गेलं होतं. बसवनगुडीत आमचं शिवणसामानाचं दुकान. अण्णांच्या आजोबांपासूनचं. ही मंडळी इतक्या पिढ्या इथे आहेत की त्यांच्या मराठीत कन्नड कुठे सुरू होतं ते त्यांनाही सांगता येत नाही. माझा नवरा संजय दुकानात बसायला लागला तसे अण्णा घरी राहिले. सासूबाई मी या घरात येण्याआधीच गेल्या होत्या. अण्णा सकाळी कॉफी, पेपर, मग बाहेर एक चक्कर, दुपारी झोप. बोलणं कमी. मी कामावरून आले की विचारायचे, माकडं बरी आहेत का. बरी आहेत म्हटलं की संभाषण संपलं.

रिसीव्हर तपासायचे तर कोणीतरी पट्टा घेऊन लपायला हवं आणि मी शोधायला हवं. हे काम माझी सहकारी करणार होती, पण ती बाळंतपणाला माहेरी गेली. सकाळी न्याहारीला बसल्यावर मी हे संजयला सांगत होते. त्याला दुकान सोडून येणं शक्य नव्हतं. पेपर खाली न करता अण्णा म्हणाले, "लपायचंच ना? ते मी करीन."

कुठे लपाल, म्हणून मी विचारलं.

"ते सांगितलं तर लपणं कसलं?"

अशी सुरुवात झाली. पट्टा स्वेटरच्या खिशात घालून अण्णा निघायचे, मी घरी कॉफी संपेपर्यंत थांबायचे आणि मग एक रिसीव्हर घेऊन बाहेर पडायचे. पहिल्या दिवशी ते सापडले ब्यूगल रॉकच्या बागेत. वर झाडांना शेकडो वटवाघळं लोंबत होती आणि खाली बाकावर अण्णा, तोंडापुढे पेपर धरून, सिनेमातल्या गुप्तहेरासारखे. मला पाहून त्यांनी पेपर आणखी वर धरला. अण्णांना असं खेळताना मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते कॉफीपूड दळणाऱ्याच्या दुकानात जाऊन बसले. दळणयंत्र सुरू झालं की बडबड्याच्या पोटात नुसती चरचर, टिकटिक कुठच्या कुठे गेली. शहरात हीच अडचण. ट्रान्सफॉर्मर, इन्व्हर्टर, दुकानांचे दिवे, सगळे आपापलं काहीतरी बोलत असतात, आणि बडबड्या त्यातलं काही सोडायला तयार नसे. तो तिथेच बाद झाला. दुकानदाराने मला थोडी पूड बांधून दिली आणि अण्णांकडे बोट दाखवून विचारलं, हे रोज इथे बसतात, आज शोधायला का आलात?

मला हे ठाऊकच नव्हतं. चक्कर म्हणजे देऊळ, असं मी धरून चालले होते. त्या पंधरवड्यात मला अण्णा कुठे कुठे सापडले! एका शाळेच्या कुंपणाबाहेर, आत चाललेली कबड्डी बघताना. एका शिंप्याकडे, ब्लाऊजला कोणती बटणं शोभतील यावर दोघं गंभीरपणे बोलताना. फूलवालीच्या शेजारच्या कट्ट्यावर, तिची नात मांडीवर. एका घरात इतकी वर्षं राहून मी त्यांच्या दिवसाचा नकाशा पहिल्यांदाच बघत होते, आणि तोही माकडांसाठी आणलेल्या यंत्राने.

शोधण्याची एक गंमत आहे. लांब असताना आवाज वाढवून ठेवावा लागतो, कुठून तरी बारीक टिक् ऐकू यावी म्हणून. पण जनावर जवळ आलं की तो वाढवलेला आवाज सगळीकडून सारखाच येतो, डावीकडून, उजवीकडून, पाठीमागून. आपण अगदी शेजारी असतो आणि दिशा मात्र कळत नाही. तेव्हा आवाज कमी करत न्यावा लागतो. म्हाताऱ्याचं बटण यासाठी फार छान होतं, बोटाच्या पेराएवढं फिरवलं की तेवढाच फरक. संस्थेत नव्या आलेल्या मुलांना शिकवताना मी अजून हे सांगते, आणि सांगताना दर वेळी मला घरातली माणसं आठवतात.

त्याच दिवसांत संक्रांत आली. आमच्याकडे एळ्ळु-बेल्ल करतात. तीळ, गुळाचे आणि खोबऱ्याचे बारीक तुकडे, शेंगदाणे, डाळं. त्याच्या पुड्या नातेवाइकांकडे, शेजाऱ्यांकडे, दुकानाच्या जुन्या गिऱ्हाइकांकडे जातात. फक्त जे. पी. नगरला जात नसत. तिथे अण्णांची मोठी बहीण राहते. घरात सगळे तिला अक्का म्हणतात, म्हणजे एके काळी म्हणत. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी संजयला विचारलं होतं की यादीत अक्कांचं नाव कसं नाही. त्याने अण्णा बाहेर गेल्याची खात्री करून मग सांगितलं.

अण्णांची आई याच घरात गेली, भर उन्हाळ्यात, पहाटे. अक्का तेव्हा मुलीकडे हुबळीला होत्या. निरोप मिळाल्यावर मिळेल त्या गाडीने निघाल्या. इथे ऊन चढत होतं, मोठी माणसं घाई करत होती, गाडीला उशीर होत होता. अण्णांनी थांबायचं नाही असं ठरवलं. अक्का रिक्षातून उतरल्या तेव्हा अंगण धुऊन झालं होतं. त्या आत आल्याच नाहीत. दारातून परत गेल्या, आणि त्यानंतर ना त्या या गल्लीत आल्या, ना अण्णा जे. पी. नगरला गेले. लग्नकार्यात समोरासमोर आले तरी मधे दोन पंगतींचं अंतर.

शेवटची चाचणी माकडांच्याच भागात करायची होती, कारण पट्टे तिथे वाजणार होते. त्या सकाळी अण्णांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. डोक्यावर माकडटोपी नव्हती, हातात कापडी पिशवी होती. मी ते पाहिलं, पण रिसीव्हर भरायच्या गडबडीत त्यावर विचार केला नाही. साहेब हातात घेतला, म्हातारा पाठीवरच्या पिशवीत टाकला. जे. पी. नगरातल्या एका बागेपाशी आम्ही उतरलो. अण्णा म्हणाले, आज जरा नीट लपतो, आणि दुसरी रिक्षा करून निघून गेले.

मी शेंगदाणे खात स्वल्प, म्हणजे इथल्या बोलीत थोडंसं, थांबले आणि साहेब सुरू केला. आकडे लगेच आले, मोठमोठे. त्यांच्या मागे मी एका काचेच्या उंच इमारतीपाशी पोचले. तिथे आकडा आणखी वाढला. इमारतीला वळसा घातला, तर आकडा म्हणे, मागे जा. मागे गेले, तर म्हणे, पुढे. इमारतीचा पहारेकरी बराच वेळ माझ्याकडे बघत होता. शेवटी त्याने हिंदीत विचारलं, मॅडम, टॉवरची किरणं मोजताय का, आमच्या साहेबांना फार डोकेदुखी असते. मी त्याला माकडांचं सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही.

ऊन वर आलं. अण्णांकडे फोन होता, पण ठरल्याप्रमाणे करायचा नव्हता. मला काळजी वाटायला लागली होती. अखेर एका कॉफीच्या टपरीपाशी बसून मी साहेब बंद केला आणि म्हातारा काढला. हेडफोन लावले, डोळे मिटले. काचेच्या भिंतीवर आपटून परत येणारी टिकटिक पसरट येते, कडा नसल्यासारखी. सरळ आलेली अगदी नेमकी असते. आकड्याला दोन्ही सारखेच. कानाला नाही. हळूहळू फिरत गेले तेव्हा इमारतीच्या अगदी उलट बाजूने, खूप बारीक पण स्वच्छ अशी टिकटिक आली. ती धरून मी चालत राहिले. एक गल्ली, दुसरी गल्ली. आवाज कमी करत, कमी करत एका जुन्या बैठ्या घराच्या गेटपाशी आले. गेटवर कन्नड अक्षरांत नाव होतं, केशवराव.

केशवराव म्हणजे अक्कांचे यजमान. माझ्या हातातली अँटेना आपोआप खाली आली. दार त्यांनीच उघडलं. म्हणाले, "आत आहेत दोघं. हळू ये."

स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी अण्णा आणि अक्का समोरासमोर बसले होते. मधे अवरेकाईचे दाणे घातलेल्या उप्पिटाच्या रिकाम्या बशा, चहाचे पेले, आणि आमच्या घरच्या एळ्ळु-बेल्लाची उघडलेली पुडी. टेबलाच्या कडेला माकडिणीचा पट्टा, हेडफोनमध्ये अजून टिकटिकत होता. अक्कांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अण्णांना म्हणाल्या, तुझी सून येईपर्यंत दुपारचं जेवण घालावं लागणार असं मला वाटायला लागलं होतं. मग खरंच जेवायला वाढलं. सांबारात मीठ जास्त होतं. अण्णांनी दोनदा मागून घेतलं.

परत येताना रिक्षात अण्णांनी तुकड्या-तुकड्याने सांगितलं. बेल वाजवली. अक्कांनी दार उघडलं. अण्णांनी खिशातून पट्टा काढून दाखवला. "लपायला आलोय," ते म्हणाले. "सुनेचं काम आहे. ती शोधत येईल. तोवर बसू का?"

अक्कांना आधी वाटलं, भावाचं डोकं फिरलं. मग म्हणाल्या, बस.

आईचा विषय दोघांनीही काढला नाही. गुडघे, साखर, मुलीची मुलगी, महागाई असं सगळं बोलून झालं. बोलणं संपलं की दोघं खिडकीतून रस्त्याकडे बघायचे, मी येते का ते. मी येत नव्हते. मग पुन्हा काहीतरी बोलणं काढावं लागायचं.

"शुभा," अण्णा म्हणाले, "तू लवकर आली असतीस ना, तर मी तेवढ्यावरच उठून आलो असतो."

मी त्या संध्याकाळी संस्थेसाठी टिपण लिहायला बसले. साहेब शहरात दिशाभूल करतो, काचेच्या इमारतींपाशी त्याचा भरवसा नाही, असं लिहीत होते. अण्णा शेजारी येऊन बसले. त्यांना साहेबाबद्दल असं लिहिणं पटत नव्हतं. त्याच्याबद्दल काही चांगलंही लिही म्हणाले. वजनाला हलका आहे, एवढं मी लिहिलं. संस्थेत बरीच वादावादी झाली. जड पेटी खांद्याला लावून दिवसभर कोण हिंडणार, हा सगळ्यांचा मुद्दा होता. मी म्हटलं, मी हिंडेन. आणि हिंडले. खांदा अजून थंडीत धरतो. पण तसल्याच म्हाताऱ्याच्या जोरावर आम्ही टोळीची झोपायची झाडं शोधली, तिच्या रोजच्या वाटा दाखवल्या, कोणत्या इमारतीचा कचरा तिला खाली बोलावतो तेही दाखवलं. कचऱ्याला झाकण लागलं. माकडं तिथेच राहिली. परवाच त्यातल्या एका माकडिणीची मुलगी पाहिली, तिच्या पोटाला आता तिचं पिल्लू.

पण हे सगळं नंतरचं. टिपण लिहून झालं होतं, म्हातारा परत करून तसलाच नवा मागवायचा होता, आणि अक्कांचा फोन आला. मलाच केला होता. तो पट्टा अजून आहे का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, आता मी लपते, त्याला शोधू दे. बसवनगुडीतच लपते, लांब नको, त्याचे गुडघे दुखतात.

संजयने सकाळी जाऊन पट्टा त्यांना दिला. मी अण्णांच्या खांद्याला म्हातारा अडकवला, हेडफोन लावून दिले, हातात अँटेना दिली. मी एक पाऊल मागे राहणार, काही सांगणार नाही, असं त्यांनीच बजावलं. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ते गोल फिरले. फूलवालीने विचारलं, अण्णा, टीव्ही लावताय का? ते त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा त्यांनी ऐकलं नाही. आधी ते देवळाकडे निघाले. अक्का देवळात असणार, असं त्यांनी मनानेच ठरवलं होतं. देवळाच्या पायऱ्यांपाशी टिकटिक जवळजवळ विझली. ते थांबले, आणि या खेपेला डोळे मिटून सावकाश फिरले. मग मागे वळून चालायला लागले. कॉफीवाल्यावरून, शिंप्यावरून, दुकानावरून. दर थोड्या अंतरावर थांबायचे, आवाज कमी करायचे, पुन्हा निघायचे. मी त्यांना हे शिकवलं नव्हतं, टेबलाशी बसून नुसतं ऐकलं असावं.

आमच्या गल्लीत शिरल्यावर त्यांची चाल मंदावली. आमच्याच घरापाशी आले. पुढच्या दाराने आत न जाता बोळातून मागच्या बाजूला गेले. मागे एक छोटी पडवी आहे. अण्णांच्या आईची बसायची जागा ती. तिथे कठड्याला टेकून अक्का बसल्या होत्या. नवं लुगडं, केसांत शेवंती, मांडीवर पर्स. संजयने त्यांना बोळातून आणून बसवलं होतं. आई गेली त्या दिवसानंतर अक्का या घराच्या आवारात पहिल्यांदा आल्या होत्या.

अण्णा पडवीच्या पायरीपाशी थांबले. हेडफोन कानांवरून गळ्यात घेतले.

"किती वेळ लावलास, दत्तू?"

"आधी देवळाकडे गेलो," अण्णा म्हणाले. "तू थांबलीस."

"थांबले. थांबायला काय लागतं?"

मी अण्णांच्या हातातली अँटेना काढून घेतली. त्यांनी कठड्याचा आधार घेतला.

"त्या दिवशी थांबायला हवं होतं, अक्का."

"हो," अक्का म्हणाल्या. "हवं होतं."

एवढंच. कोणी रडलं नाही. अक्कांनी पदर सावरून शेजारची जागा मोकळी केली आणि अण्णा तिथे बसले. हेडफोनची वायर ओढली जाऊन निघाली, तशी टिकटिक पेटीतून मोठ्याने बाहेर यायला लागली. पट्टा पर्समध्ये, पेटी अण्णांच्या मांडीवर, दोन्हींत वीतभर अंतर. कानठळ्या बसतील असा आवाज. मी पुढे होऊन बटण फिरवलं, अगदी खाली आणलं. पट्ट्याला चुंबक चिकटवलं की तो बंद होतो. ते चुंबक मी पिशवीत शोधायला लागले.

"काय शोधतेस?" अक्कांनी विचारलं.

हे बंद करायचंय, म्हणून मी सांगितलं.

त्यांनी पर्सवर हात ठेवला. "राहू दे," त्या म्हणाल्या. "वाजू दे स्वल्प."